सातव्या परिच्छेदातली बातमी

तीन वर्षं मी फक्त चांगल्या बातम्या लिहिल्या.

मोबाइलची अ‍ॅप बनवण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात कोड लिहावा लागत नसे. पडद्यावर बटणं, रकाने, याद्या उचलून मांडायच्या, कुठल्या बटणावर बोट ठेवलं की काय व्हायला हवं ते सांगायचं, की अ‍ॅप तयार. ते ओपन सोर्स होतं. म्हणजे त्याचा आतला सगळा कोड उघडा. कुणीही बघावा, बदलावा, वापरावा. देशोदेशीचे लोक त्यावर काहीबाही बनवत आणि त्या सगळ्यांसाठी दर महिन्याला एक बातमीपत्र निघे. नवीन काय आलं, कुणी काय बनवलं, कुठली चूक दुरुस्त झाली. त्याची मराठी आवृत्ती मी लिहायचे.

मी मुळातली क्वालिटीची. चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासायचे. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले, त्यामुळे माझ्या डिप्लोमाचं आणि गळ्यातल्या ओळखपत्राचं घरात फार कौतुक. कंपनीत मात्र माझ्या कामाचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. नापास पार्टची नोंद आम्ही रजिस्टरमध्ये करायचो आणि शिफ्ट बदलली की नेमकं ते रजिस्टर सापडायचं नाही. वैतागून मी या सॉफ्टवेअरवर एक साधं अ‍ॅप बनवायला घेतलं. अडलं की त्याच्या फोरमवर, म्हणजे वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन चर्चेच्या जागी, विचारायचं आणि कुठल्या तरी देशातला अनोळखी माणूस उत्तर द्यायचा. एकानं उत्तराच्या आधी लिहिलं होतं, ‘प्रश्न फार नेमका विचारलात.’ ते वाक्य मी जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं.

त्याच फोरमवर एक दिवस देवनागरीत ओळ दिसली : ‘इथं कोनी मराठी बोलनारं हाय का?’

ते काका. राजगुरुनगरचे, जुन्या शेतकरी घरातले. उभा जन्म एका कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर भाचीनं जुना लॅपटॉप दिला आणि यांनी त्यात मुंडी घातली. आम्ही पहिल्यांदा भेटलो निगडीच्या बसस्टँडवर. त्यांनी चहाचा ग्लास डाव्या हातात घेतला तेव्हा मी उजव्या हाताकडे बघितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

“पावर प्रेस,” ते म्हणाले. “टूलरूमला जायच्या आधी. एकोणीस वर्साचा व्हतो. लिवायला तीन बोटं लागत्यात, ती ठिवली देवानं.”

आम्ही दोघांनी मिळून ते सॉफ्टवेअर मराठीत आणलं. एकेका शब्दावर आमची हुज्जत चाले. मी ‘डिलीट’साठी ‘हटवा’ लिहिलं होतं. काका म्हणाले, “ताई, हटवा म्हनजे बाजूला सारा. मानूस म्हनंल, सारलंय तर कुठंतरी असंल. हे तर जातंच की पार. पुसा म्हना, पुसा.” ते बरोबरच होतं. एखादी यादी रिकामी असली की पडद्यावर इंग्रजीत येई, ‘नो रेकॉर्ड्स’. काकांनी त्याचं केलं : ‘इथं अजून काही लिहिलेलं नाही.’ मला ते ‘अजून’ फार आवडलं. म्हणजे आता लिहा, असं सांगणारं.

काकांना मात्र हे सगळं एकाच कामासाठी हवं होतं. चाकणच्या आजूबाजूला पत्रा दाबून पार्ट काढणारी लहान लहान वर्कशॉप आहेत. तिथल्या प्रेसला समोर सेन्सर असतो. हात आत असला तर प्रेस खाली येत नाही. शिवाय दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. पण त्यानं कामाचा वेग कमी होतो. म्हणून काही ठिकाणी सेन्सर बंद ठेवतात, एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवतात आणि एका हातानं काम काढतात. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणतो, बघू. हात गेला की म्हणतो, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

“सांगितलं व्हतं, हे दिसाया पायजे,” काका म्हणायचे. “तारीख, टायम, मशीन नंबर, फोटू. बास.”

त्यांनी तसं अ‍ॅप बनवलं. चार रकाने आणि ‘जतन करा’चं एक बटण. निगडीत आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आम्ही पहिला वर्ग घेतला. वंदना झाली की चटया तशाच ठेवायच्या आणि कामगार यायचे. आपापल्या ओळखीनं येत, चाकण-भोसरीहून, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरचे. त्यातच एक होता मराठवाड्याकडचा, चाळिशीचा, प्रेसवर काम करणारा. तो सगळ्यात पुढं बसायचा आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा. “मी टाकलेलं दुसरं कुणी पुसणार नाही ना, ताई?” हेही त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मलाही नीट कळली नव्हती. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांचा होता, पण काकांच्या अ‍ॅपमध्ये पडणाऱ्या नोंदी ज्या सर्व्हरवर साठत होत्या, तो सर्व्हर कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा होता. लहान गटांना तिथं फुकट जागा मिळे. आपलं सामान दुसऱ्याच्या खोलीत ठेवलंय, हे आम्ही विसरून गेलो. उघडं, सगळ्यांचं, आपलं, हे शब्द मी बातमीपत्रात इतक्यांदा लिहिले होते की माझाच त्यावर विश्वास बसला.

काकांच्या अ‍ॅपवरही मी लिहिलं. ते इंग्रजीत गेलं, लोकांनी वाहवा केली आणि त्या कंपनीच्या समुदाय विभागाच्या प्रमुख बाईंनी मला व्हिडिओ कॉल केला. बातमीपत्र आता पगारी काम म्हणून करशील का, म्हणाल्या. मी चाकणची नोकरी सोडली. वडिलांनी शेजारी सांगितलं, पोरगी आता लिहिण्याचं काम करते. लिहिण्याचं, हा शब्द ते थोडा जास्तच जोरात म्हणायचे.

दीडेक वर्ष छान गेलं. मग एका दुपारी बाईंनी मला एकटीला कॉलवर घेतलं. कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली होती. जाहीर होईपर्यंत कुठं बोलायचं नाही, असा एक कागद त्यांनी पाठवला, मी त्यावर सही केली. फुकट जागा बंद होणार होती. ज्यांचं काही तिथं साठलेलं आहे त्यांनी साठ दिवसांत ते उतरवून घ्यायचं. त्यानंतर सगळं पुसलं जाणार.

जाहीर करण्याचा लेख मीच लिहायचा होता. मी पहिला मसुदा लिहिला, त्याची पहिलीच ओळ होती : ‘तुमच्या नोंदी साठ दिवसांनी पुसल्या जातील. आजच उतरवून घ्या.’

बाईंचा लगेच फोन आला. चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “इतना डराना क्यूँ है? ये तो खुशखबर है ना,” त्या म्हणाल्या. “थोडा पॉझिटिव्ह रखते हैं. ये बात नीचे ले लो.”

खाली घेतली. मग आणखी खाली. शेवटी ती सातव्या परिच्छेदात जाऊन बसली आणि तोवर तिचं वाक्य असं झालं होतं : ‘निवडक जुन्या प्रकल्पांसाठी ठरावीक कालावधीत स्थलांतराची सोय उपलब्ध करून देण्यात आली आहे.’ हे मराठी माझं आहे. बाईंना मराठी येत नव्हतं. इंग्रजीत त्यांनी काय वाटेल ते घातलं असतं तरी मराठीत मी ‘पुसलं जाईल’ लिहू शकले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हे मला लेख लिहिताना सुचलं होतं. नंतर सुचलं, असं सांगता आलं असतं, पण तसं नाही.

लेखाचं शीर्षक होतं, ‘आपल्या समुदायाचा नवा अध्याय’.

तो सोमवारी प्रसिद्ध झाला आणि बुधवारी काकांचा फोन आला.

“ताई, वाचलं बरं का. दोन येळा वाचलं,” ते म्हणाले. “मोठी कंपनी आली म्हनजे आपलं सॉफ्टवेअर टिकंल आता. चांगलंच झालं की.”

मी गच्चीवर उभी होते. खाली रस्त्यावर भाजीची गाडी उभी होती, आई भाव करत होती. त्या वेळी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. लेख छापून आला होता, कागदावरची सहीसुद्धा आता आड येत नव्हती. पण ते बोलले असते की त्यांनी विचारलं असतं, मग असं सरळ का नाही लिहिलं? आणि नव्या कंपनीत कुणाला ठेवायचं याच्या मुलाखती पुढच्याच आठवड्यात होत्या. मी म्हणाले, “हो काका, चांगलंच झालं.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि आईची तब्येत विचारून त्यांनी फोन ठेवला.

मनाशी ठरवलं होतं, मुलाखत झाली की सांगू. मुलाखत झाली. मला ठेवलं. मग वाटलं, अजून महिना आहे. मग नव्या लोकांनी कामाचा रगाडा लावला. साठ दिवसांत मी काकांशी तीनदा बोलले. एकदा पावसाबद्दल, दोनदा वर्गाबद्दल. वर्गात येणारे आता वाढले होते. वर्गात यायला जमत नाही, असं मी त्यांना सांगत होते.

साठ दिवस भरले आणि पुढच्याच आठवड्यात तो अपघात झाला. वर्गात पुढं बसणाऱ्या त्या मराठवाड्याच्या माणसाच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली.

मला हे काकांनी सांगितलं, पण फोन त्यासाठी नव्हता. “ताई, जरा बघता का,” ते म्हणाले. “त्या मशीनचा सेन्सर बंद हाय म्हनून त्यानं चार-पाच डाव टाकलंवतं. फोटूसकट. मी काढाया बसलोय, तर काईच दिसंना. नेट गंडलंय का काय?”

मी माझ्या फोनवर ते अ‍ॅप उघडलं. यादीच्या जागी काकांचीच ओळ होती : इथं अजून काही लिहिलेलं नाही.

“बघते काका,” मी म्हणाले. इतकंच. नेट गंडलं नाही, हे मला माहीत होतं, तरी मी बघते म्हणाले.

बघितलंही. नव्या कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं, कुठं जुनी प्रत असेल तर द्या, एका माणसाच्या हाताचा प्रश्न आहे. तासाभरात उत्तर आलं. ‘या बदलाची पूर्वसूचना सर्व वापरकर्त्यांना वेळेवर देण्यात आली होती. अधिक माहितीसाठी खालील लेख वाचावा.’ खाली दुवा होता. माझ्याच लेखाचा.

काकांनी त्या जखमी माणसाच्या बाजूनं जमेल तेवढं केलं. वर्कशॉपच्या मालकानं चौकशी बसवली, तेव्हा हे त्याच्याबरोबर गेले. सुपरवायझरनं सांगितलं की पाचर या कामगारानंच मारली होती, लवकर काम उरकून घरी जायला. सेन्सरबद्दल त्यानं कधीच तक्रार केली नाही. काकांनी सांगितलं, नोंदी होत्या. समोरच्या माणसानं विचारलं, कुठं आहेत? काकांनी फोन दाखवला. त्यावर ती ओळ. तो माणूस म्हणे हसला. जखमी कामगाराच्या बायकोच्या फोनमध्ये एक फोटो सापडला होता, मशीनचा, पण अंधुक, आणि कधी काढला ते दिसत नव्हतं. निष्काळजीपणा असा शेरा मारून त्यांनी कागद बंद केला. तो कॉन्ट्रॅक्टचा असल्यामुळे त्याला काढलं असंही म्हणावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचं नाव हजेरीच्या यादीत नव्हतं, एवढंच.

चौकशीनंतरच्या रविवारी मी काकांना फोन केला आणि म्हणाले, मला त्याच्याकडं घेऊन चला. चाकणच्या बाहेर एका रांगेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तो, त्याची बायको आणि दोन मुली राहत होती. हाताला पांढरी पट्टी, मनगटापासून पुढं एक गोळा. बायकोनं चहा टाकला. चहा यायच्या आधी बोलून टाकावं म्हणून मी बसल्याबसल्या सगळं सांगितलं. कागदावरची सही, पहिला मसुदा, सातवा परिच्छेद, गच्चीवरचा फोन. मुलाखतीचंही सांगितलं.

स्टोव्हचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, “म्हंजे तुम्हाला माहीत होतं की, ताई.”

“हो.”

“मी इचारलं होतं. कुणी पुसणार नाही ना म्हणून.”

“हो.”

त्याची बायको चहाची भांडी खाली ठेवत म्हणाली, “आता काय त्येचं? नोंद असती तरी त्यांनी काहीतरी दुसरं काढलंच असतं.” ती मला सोडवायला बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, क्षणभर, आणि मग स्वतःची लाज वाटली.

काका माझ्याकडे बघत नव्हते. पट्टीकडे बघत होते. परत निघताना रस्त्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथं ते थांबले.

“पयल्या वळीत व्हतं म्हनता. तुमी लिवलंवतं.”

“हो काका.”

“ते ऱ्हायलं असतं तर मी त्याच दिवशी समदं उतरून घेतलं असतं. मला येत व्हतं ते. तुमीच शिकिवलंवतं.” मग म्हणाले, “जा, मॅडम. तुमची बस यील.”

मॅडम. मी कितीतरी दिवस तो शब्द डोक्यातून काढू शकले नाही.

यानंतर मी राजीनामा दिला असं लिहायला आवडलं असतं. नाही दिला. वडील आजारी होते, कारण सांगायला तेही होतं. मी आणखी चार बातमीपत्रं लिहिली, उत्साहानं भरलेली. पाचव्याच्या आधी नव्या कंपनीनं ठरवलं की भाषांतर आता मशीनच करेल, आणि मराठी विभाग बंद झाला. आमचे शब्दही त्यांनी काढून टाकले. पुढं कधीतरी मी उघडून बघितलं, तर ‘जतन करा’च्या जागी ‘वाचवा’ लिहिलं होतं. फोरमवरचा सगळा जुना मजकूरही गेला. काकांची ती पहिली ओळही.

प्रेसवरचा तो मराठवाड्याचा माणूस आता पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत गेटवर आहे. उन्हात खुर्ची टाकून बसतो. डाव्या हातानं फोनवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद घेतो. मी एकदा तिथं गेले होते, दुसऱ्याच कुणाकडे. त्यानं मला ओळखलं. “कुणाकडं?” त्यानं विचारलं, इतरांना विचारतो तसंच. मी नाव सांगितलं, त्यानं टाइप केलं आणि दांडा वर केला.

मी पुन्हा चाकणला क्वालिटीत लागले, दुसऱ्या कंपनीत. मधल्या काळात फोरमवरच्या जुन्या मंडळींपैकी काहींनी तो उघडा कोड उचलला, नवं नाव दिलं आणि स्वतंत्र चालवायला घेतला. कोड उघडा होता म्हणून हे जमलं, एवढं श्रेय द्यायला हवं. त्यांनी मला बातमीपत्र लिहायला सांगितलं. मी हो म्हणाले, एका अटीवर : जे बंद पडणार आहे, बिघडलं आहे, जाणार आहे, ते सगळ्यात आधी छापायचं. त्यांनी मान्य केलं. वाचणारे फार नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी राजगुरुनगरला गेले. काका एसटी स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसलेले सापडले. पुढ्यात तक्रारी लिहायच्या, कार्बन लावलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. एक प्रत कामगाराला, एक सुपरवायझरला, एक काकांकडे. रविवारचा वर्ग आता याच दुकानासमोर भरतो, फोनशिवाय.

“काका, आता सर्व्हर आपल्याच माणसांचा आहे,” मी म्हणाले. “मी स्वतः बघून आलेय. तुमचं अ‍ॅप जसंच्या तसं परत उभं करता येईल. पाहिजे तर तुमच्या घरातच ठेवू तो सर्व्हर.”

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. वडिलांचं विचारलं. वडील गेले हे त्यांना माहीत नव्हतं. ऐकून त्यांनी वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मॅडम, तुमच्यावर राग न्हाई आता माझा. खरंच न्हाई. पन मी तो लेख दोन येळा वाचला व्हता. चश्मा लावून, एकेक वळ. आनि मला काईच कळलं न्हाई त्यातलं. मी फोन करून तुमाला वर चांगलं झालं म्हनलो.” त्यांनी कार्बन सरळ केला. “तवापास्नं मला वाचता येतं का न्हाई, हेच समजंना. कंची बी कंपनीची नोटीस आली की मी भाचीकडनं वाचून घेतो.”

चहा झाला. दुकानात एक माणूस वही न्यायला आला, काका त्याला पानं मोजून दाखवायला लागले. भोसरीची बस लागली होती, मी उठले.